ढिगावर पावडर शिंपडून प्लास्टिकचं खत होतं का?

खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचा प्रश्न आलाय. त्यांच्या गावचं 'स्वच्छ संकीर्ण', म्हणजे सुक्या कचऱ्याची शेड, बचत गटाच्या बायका चालवतात. बाटल्या आणि पुठ्ठा विकला जातो, बाकी प्लास्टिकचा ढीग शेडमागं वाढत चाललाय. मध्यंतरी एक विक्रेता येऊन गेला. 'प्लास्टिक खाणारे जिवाणू आणि एन्झाइम' असलेली पावडर शेणपाण्यात कालवून ढिगावर शिंपडली की तीन महिन्यांत प्लास्टिकचं खत होतं, असं त्याचं म्हणणं. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, साहेब म्हणाले, बघू. जपानात असा जिवाणू सापडल्याचं ताईंनी पेपरात वाचलंय, त्यामुळं सगळं खोटं तरी कसं म्हणायचं, हा त्यांचा पेच. पावडर घ्यावी का, आणि असे जिवाणू मोकळे सुटले तर नळाचे पाईप नि पाण्याच्या टाक्या खातील का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारलेत.

ताई, पावडर घेऊ नका. एवढ्यावर काम भागत असेल तर पुढचं नाही वाचलंत तरी चालेल. पण पंचायतीच्या बैठकीत तुम्हाला चारजण उलट विचारणार, म्हणून कारणं सांगतो.

अडचण अशी आहे की त्या माणसाचं प्रत्येक वाक्य खोटं नाही. जपानचा जिवाणू खरा आहे. प्लास्टिक तोडणारं एन्झाइम खरं आहे. काही पिशव्यांचं खत होतं, हेही खरं. तीन खऱ्या गोष्टी एका पुडीत बांधल्या की चौथी खोटी आपोआप खपते.

मी मूळचा नंदगडकडचा. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलो आणि सव्वीस वर्षं इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसांत कापडावर एन्झाइम चालवण्याचं काम केलं. आता बेळगावात कंपोस्ट नि माती तपासून देतो. शाळेच्या पुस्तकात एन्झाइमला 'विकर' म्हणतात, आमच्या खात्यात कुणी तसं म्हणत नाही. पण ते काय चीज आहे हे मला पुस्तकापेक्षा खळीनं जास्त शिकवलं.

वडगाव-शहापूरच्या मागवाल्याला विचारा. ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात. विणून झाल्यावर रंगाई करायची तर ती खळ काढावी लागते, नाहीतर रंग डागाडागानं बसतो. ती काढायला आम्ही अमायलेज नावाचं एन्झाइम वापरायचो. आता गंमत बघा. खळ म्हणजे स्टार्च, आणि स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. कापूसही ग्लुकोजच्याच मण्यांची माळ. मणी तेच, फरक फक्त दोन मण्यांमधली गाठ कोणत्या बाजूनं मारलीय एवढाच. तरी अमायलेज रात्रभरात खळ फस्त करतं आणि कापसाच्या धाग्याला धक्कासुद्धा लावत नाही. एन्झाइम वस्तू ओळखत नाही, ते गाठ ओळखतं. आपली गाठ दिसली तर तोडतं, नाही दिसली तर त्याच्या लेखी समोर काहीच नाही.

म्हणून 'प्लास्टिक खाणारं एन्झाइम' हे शब्द कानावर आले की मी पहिल्यांदा विचारतो, कुठलं प्लास्टिक? प्लास्टिक हे आडनाव आहे. त्या घरात नावं पुष्कळ, आणि एकाचा स्वभाव दुसऱ्याला नाही.

तुमच्या शेडमागं काय असणार हे न बघता सांगतो. दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅग, मिरची-टोमॅटोच्या वाफ्यावरचा फाटका मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या. हे सगळं पॉलिथिनचं गोत. युरियाची पोती पॉलिप्रॉपिलिनची. वेफर नि गुटख्याची चकचकीत पाकिटं दोन-तीन जातींचे थर एकमेकांना चिकटवून केलेली. गणपतीच्या आराशीचं थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन. आणि पाण्याची, कोल्ड्रिंकची बाटली पेट (PET) नावाच्या प्लास्टिकची. पॉलिस्टर साडीही पेटचीच. बाटली आणि साडी सख्ख्या बहिणी, एक फुगवून केलेली, दुसरी ओढून सूत काढलेली.

यातल्या पेटमध्ये शिवण आहे. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल असे दोन तुकडे आळीपाळीनं जोडून ती साखळी होते, आणि प्रत्येक जोडावर एस्टर बंध असतो. या बंधात पाण्याचा रेणू शिरला की जोड उसवतो. हे काही नवीन नाही. पॉलिस्टर साडीला रेशमासारखा झोळ यावा म्हणून आमच्याकडं ती कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यातून काढत. त्याला 'वेट रिडक्शन' म्हणतात. कापडाचं वजन दहा-वीस टक्के उतरायचं. ते उतरलेलं वजन म्हणजे उसवलेलं पॉलिस्टर, आम्ल नि ग्लायकॉल होऊन सांडपाण्यात गेलेलं. तेव्हा पेट तुटतं ही बातमी आम्हा कापडवाल्यांना नवी नव्हती. एखादा जिवाणू कॉस्टिकशिवाय, नेहमीच्या उबेत ते काम करतो, ही बातमी नवी होती.

जपानी शास्त्रज्ञांनी ओसाकाजवळच्या साकाई शहरात, पेट बाटल्यांवर प्रक्रिया होते त्या जागेतून गाळ, माती, सांडपाणी असे २५० नमुने गोळा केले. त्यातल्या एका नमुन्यात हा जिवाणू मिळाला. गावाच्या नावावरून त्याचं नाव इडिओनेला साकायेन्सिस ठेवलं, आणि मार्च २०१६ मध्ये शोध छापून आला. (जाता जाता सांगतो, कर्नाटक सरकारनं प्लास्टिक पिशव्यांवर बंदी घातली तीही मार्च २०१६ मध्येच. दोन्हींपैकी कशानं आपल्या गटारी मोकळ्या झाल्या, हे तुम्हीच सांगा.)

हा जिवाणू दोन एन्झाइम वापरतो. पहिलं पेटेज. तो ते शरीराबाहेर सोडतो, कारण अख्खी बाटली त्याच्या पेशीत मावणार कशी? पेटेजच्या अंगावर एक खाच असते, तिच्यात पेटची साखळी जाऊन बसते. खाचेच्या तळाशी सेरिन, हिस्टिडिन आणि अस्पार्टिक आम्ल अशी तीन अमिनो आम्लं ठरलेल्या कोनात बसलेली असतात. सेरिन एस्टर बंधाला धरतं, बाकीची दोघं त्याला जोर देतात, पाणी आत येतं आणि साखळी कट. आपल्या आतड्यात मटण पचवणाऱ्या एन्झाइमांतही हेच त्रिकूट असतं, म्हणजे हत्यार जुनंच आहे, फक्त मूठ वेगळी. पेटेजनं तोडलेले बरेचसे तुकडे अर्धवट असतात, एका बाजूला आम्ल आणि दुसऱ्या बाजूला ग्लायकॉल तसंच चिकटलेलं. त्यांची शेवटची गाठ दुसरं एन्झाइम, एमहेटेज, सोडवतं. मग तो जिवाणू सुटे झालेले तुकडे आत घेतो आणि त्यांच्यावर जगतो.

इथपर्यंत विक्रेता तुम्हाला सांगतो. पुढचं सांगत नाही.

त्या प्रयोगात पेटची नखाएवढी पातळ फिल्म ३० अंश उबेत संपायला सहा आठवडे लागले. आणि ती फिल्म मुद्दाम मऊ जातीची निवडलेली होती. पेटच्या साखळ्या काही ठिकाणी विस्कटलेल्या असतात, काही ठिकाणी घडी घालून रचून ठेवल्यासारख्या घट्ट असतात. घट्ट भागाला स्फटिकी म्हणतात. प्रयोगातल्या फिल्ममध्ये स्फटिकी भाग फक्त १.९ टक्के होता. बाजारातल्या बाटलीत तो ३० टक्क्यांच्या आसपास असतो, कारण बाटली फुगवताना प्लास्टिक ताणलं जातं नि साखळ्या रांगेत येऊन बसतात. या घट्ट घडीत एन्झाइमला शिरायला फट मिळत नाही. कपाटात इस्त्री करून रचलेल्या साड्यांच्या थप्पीतून मधल्या साडीचा धागा ओढून बघा, तसंच.

आता मला स्वतःला फार आवडलेला भाग. आज कारखान्यात पेट तोडायला जे एन्झाइम सगळ्यात चांगलं चाललंय, ते बाटल्यांच्या जागेतून आलेलंच नाही. ते आलं पालापाचोळ्याच्या खतातून.

झाडाच्या पानाला वरून एक चिवट आवरण असतं, क्यूटिन नावाचं. फणसाच्या पानाला हात लावा, निपाणीकडच्या तंबाखूच्या पानाला लावा, सगळीकडं ते आहे. क्यूटिन म्हणजे झाडानं स्वतः केलेलं पॉलिस्टरच, त्यातही एस्टर बंधच असतात. पान सडवायचं तर आधी हे आवरण फोडायला हवं, म्हणून खतातल्या जिवाणूंकडं नि बुरशींकडं त्यासाठी एन्झाइम असतं, क्यूटिनेज. २०१२ मध्ये जपानमधल्याच एका उद्यानातल्या पाला-फांद्यांच्या कंपोस्टमधून असं एक क्यूटिनेज मिळालं. कंपोस्ट तापतं, म्हणून त्या खतातलं एन्झाइमही उष्णतेला टिकणारं निघालं. पेटच्या बाबतीत उष्णता हीच तर मेख आहे. पाण्यात भिजलेलं पेट ६५-७० अंशांच्या पुढं गेलं की विस्कटलेल्या भागातल्या साखळ्या सैल होऊन हलायला लागतात आणि एन्झाइमला शिरकाव मिळतो. साकाईच्या जिवाणूचं एन्झाइम तेवढ्या उष्णतेत शिजून जातं. अंड्याचा पांढरा भाग जसा गोठतो तसंच, दोन्ही प्रथिनंच की.

फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीनं आणि तुलूझच्या शास्त्रज्ञांनी हे कंपोस्टमधलं क्यूटिनेज घेतलं आणि त्यात चार ठिकाणी अमिनो आम्लं बदलली. दोन ठिकाणी सिस्टीन बसवून गंधकाचा एक टाका घातला, त्यानं एन्झाइम उष्णतेत उसवायचं आणखी लांबलं. २०२० मध्ये त्यांनी आकडे छापले. ७२ अंशांवर १० तासांत ९० टक्के पेट सुटं झालं. निघालेलं आम्ल शुद्ध करून त्यातून पुन्हा बाटल्या केल्या. हे काम पहिल्या दर्जाचं आहे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

पण ते १० तास कसे गेले ते बघा. बाटल्या आधी वितळवून, झटकन थंड करून घडी मोडलेली, मग दळून पीठ केलं. टाकीत पाणी आणि पेट मोजून घातलं, एका किलोत पेट २०० ग्रॅम. दर ग्रॅम पेटला एन्झाइम ३ मिलिग्रॅम. सतत ढवळणं. उष्णता ७२ वर धरायची, फार वर नेली तर पेट टाकीतच पुन्हा स्फटिकी होऊन घट्ट बसतं, मग एन्झाइम कितीही ओता. आणि सगळ्यात कटकटीचं काम पीएचचं. पेट तुटलं की आम्ल तयार होतं, पाणी आंबट होत जातं, आणि आंबट पाण्यात एन्झाइम ढेपाळतं. म्हणून थेंबाथेंबानं कॉस्टिक घालत राहायचं. शेवटी ते आम्ल वेगळं काढताना सोडियम सल्फेटचं मीठ ढिगानं निघतं, त्याची वेगळी विल्हेवाट. इचलकरंजीत माझ्या हाताखालची पोरं रात्रपाळीत पीएच बघायची विसरली की सकाळी अख्खी बॅच खळीसकट हातात यायची. एका अंशाच्या, एका आकड्याच्या चुकीनं एन्झाइम संपावर जातं. तुमच्या ढिगावर कोण बसणार पीएचचा कागद घेऊन?

एवढं करूनही त्या कंपनीच्या वर्षाला ५०,००० टनांच्या कारखान्याची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आणि पैशांची जुळवाजुळव होईना म्हणून काम लांबलं. विज्ञान कच्चं म्हणून नाही. नवं पेट खनिज तेलातून स्वस्तात मिळतं, त्याच्याशी भाव जुळवणं अवघड जातं, म्हणून.

कमी उष्णतेवरही काम चाललंय. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या गटानं संगणकाला शिकवून पेटेजमध्ये कुठं बदल करायचे ते शोधलं, आणि २०२२ मध्ये ५० अंशांवर ५१ वेगवेगळे वापरलेले डबे आठवड्याभरात जवळजवळ संपवून दाखवले. हे पातळ, साच्यात दाबून केलेले डबे. बेळगावचा कुंदा ज्या पारदर्शक डबीत मिळतो ती बऱ्याचदा याच जातीची असते. अशी डबी बाटलीपेक्षा सैल घडीची, म्हणून ते जमलं. तरी ५० अंश, पाणी आणि शुद्ध एन्झाइम हे तिन्ही लागलंच.

आता पॉलिथिन, म्हणजे तुमच्या ढिगातला मोठा हिस्सा. इथं शिवणच नाही. कार्बनला कार्बन, त्याला पुन्हा कार्बन, अशी हजारो अणूंची सरळ साखळी. एस्टर नाही, पाण्याला शिरायला जोड नाही. पेटेज किंवा क्यूटिनेज यावर ओतणं म्हणजे कुलूप नसलेल्या भिंतीला किल्ली लावणं. ही साखळी फोडायची तर आधी तिला प्राणवायू जोडावा लागतो, तेव्हा कुठं एन्झाइमला धरायला काहीतरी मिळतं. डिझेल सांडलेल्या मातीत तेल खाणारे जिवाणू असतात, आणि अशा साखळ्या ते खातातही, पण त्या डझन-दोन डझन कार्बनच्या. दुधाच्या पिशवीतली साखळी त्यांच्या पेशीत शिरतच नाही.

'अहो पण मल्चिंग पेपर दोन वर्षांत आपोआप तुकडे होऊन जातो की,' असं शेतकरी मला म्हणतात. तो जात नाही. उन्हानं कडक होतो, फुटतो, आणि बारीक होऊन मातीत मुरतो. बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहरातलं हेच सगळं येळ्ळूर-शहापूरच्या शिवारात, भाताच्या खाचरात येऊन बसतं. रोप लावताना पायाला लागतं ते दिसतं म्हणून आपण उचलतो. न दिसणारं तसंच राहतं.

मेणकिड्याची बातमीही तुम्हाला कुणीतरी दाखवेल. खानापूरच्या जंगलपट्ट्यात ज्यांच्याकडं मधपेट्या आहेत त्यांना तो चांगलाच माहीत आहे, पोळ्यातलं मेण पोखरतो तो. स्पेनमध्ये मधमाश्या पाळणाऱ्या एका शास्त्रज्ञ बाईंनी, फेदेरिका बर्तोकिनी यांनी, पेटीतून वेचलेल्या अळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आणि पिशवीला भोकं पडली. २०१७ मध्ये ते छापलं. त्याच वर्षी जर्मन रसायनतज्ज्ञांनी आक्षेप घेतला की पुराव्यातल्या खुणा अळीच्या अंगातल्या रसाच्याही असू शकतात. २०२२ मध्ये अळीच्या लाळेतली दोन एन्झाइमं पॉलिथिनला प्राणवायू जोडतात असा पुढचा दावा आला. विषय शोधाचा आहे, चालू राहू दे. मी एवढंच म्हणेन की उंदीरसुद्धा प्लास्टिकचा डबा कुरतडतो, पण त्याला आपण प्लास्टिक पचवणारा म्हणत नाही.

म्हणजे हिशेब असा झाला. सगळ्या ढिगात ज्या एका प्लास्टिकवर ही विद्या खात्रीनं चालते, ते पेट. आणि पेटची बाटली तुमच्या ढिगात राहतच नाही, भंगारवाला ती आधीच तोलून घेऊन जातो. मागं उरतं ते ज्याच्यावर एन्झाइम चालत नाही ते.

मग विक्रेत्याच्या फोटोंत पिशव्या विरघळलेल्या कशा दिसतात? यात मी स्वतः एकदा फसलोय. काही वर्षांमागं असलीच एक पावडर कुणीतरी तपासायला दिली. मी कॅरीबॅगचे तुकडे धुऊन, वाळवून, तोलून कंपोस्टच्या खड्ड्यात पुरले, वर पावडर घातली. पावसाळा संपल्यावर उकरलं तर पिशवीचा भुगा, वजनही बरंच कमी. दोन दिवस मी हवेत होतो. बायको म्हणाली, पावडर न घातलेल्या खड्ड्यात काय झालं ते बघितलंत का? तसा खड्डा मी केलाच नव्हता! सव्वीस वर्षं प्रयोगशाळेत घालवून ही चूक. पुढच्या वर्षी दोन खड्डे केले, एकात पावडर, एकात नाही. दोन्हीकडं सारखाच भुगा. कारण स्वस्त कॅरीबॅगेत वजन वाढवायला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडू, कालवलेला असतो. खतातल्या आंबट पाण्यात खडू विरघळतो, वजन उतरतं, पिशवी जाळीसारखी होऊन तुटते. प्लास्टिक जिथल्या तिथं, फक्त आता ते चाळणीतून खाली पडतं. दुधाच्या पिशवीचं वजन मात्र दोन्ही खड्ड्यांत तेवढंच राहिलं, उलट चिकटलेल्या मातीनं थोडं भरलंच.

तुम्हालाही हे करता येईल. विक्रेत्याला म्हणा, फुकट एक पुडी द्या, दोन खड्डे करतो, दोन्हीत दुधाच्या पिशव्या तोलून घालतो, तीन महिन्यांनी या. बहुतेक तो येणार नाही. मात्र त्याची पावडर टाकाऊ असेलच असं नाही. अशा पुड्यांत साधारणपणे स्टार्च, प्रथिनं, सेल्युलोज नि चरबी तोडणारे जिवाणू असतात. मिळालीच फुकट तर हॉटेलातल्या नि लग्नाच्या जेवणावळीच्या ओल्या कचऱ्यावर घाला, तिथं ती कामाची.

'काही पिशव्यांचं खत होतं' हेही थोडं उलगडतो. 'कंपोस्टेबल' छाप असलेल्या पिशव्या वेगळ्या असतात, त्यांच्या साखळीत एस्टर बंध मुद्दाम ठेवलेले असतात. त्यांच्यासाठी आपल्या देशात आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे. १८० दिवसांत पिशवीतल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन निघाला पाहिजे, आणि १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त काही उरता कामा नये. कार्बन डायऑक्साइड मोजायचा, हे महत्त्वाचं. कारण भुगा डोळ्यांना फसवतो, वायू फसवत नाही. पण ही परीक्षाही ५८ अंशांच्या आसपास तापलेल्या कंपोस्टमध्ये घेतात. घरामागच्या थंड उकिरड्यात तीच पिशवी वर्षभर तशीच पडलेली मी बघितलीय. आणि असल्या पिशव्या दुधाच्या पिशव्यांच्या गठ्ठ्यात मिसळू देऊ नका, पुढं प्लास्टिक वितळवून त्याचा दाणा करणारा सगळा गठ्ठा परत पाठवतो.

पाईप नि टाक्यांची काळजी सोडून द्या. पाईप पीव्हीसीचे, टाक्या पॉलिथिनच्या, दोन्हीचा कणा कार्बन-कार्बनचा, तिथं पेटेजला धरायलाच काही नाही. पेटचंही भय नको. कापूस खाणारे जिवाणू आपल्या मातीत कितीतरी काळापासून आहेत, म्हणून दोरीवर वाळणारं धोतर कुणी खाल्लं का? ओल, उब, वेळ, तिन्ही एका जागी जुळल्याशिवाय काही सडत नाही.

आता ढिगाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण त्यासाठीच तर पावडरीचा विचार आला. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून वेगळा गठ्ठा करा. पिशवी कापताना कोपरा सुटू देऊ नका, तो कोपरा गटारीतच जातो. स्वच्छ गठ्ठ्याला गिऱ्हाईक मिळतं, बरबटलेल्याला नाही. खताची पोती वेगळी. थर चिकटवलेली पाकिटं, फाटका मल्चिंग पेपर असलं कुणी घेत नाही. ते दाबून बांधा आणि तालुका पंचायतीच्या पातळीवर अनेक गावांचं मिळून सिमेंटच्या भट्टीला कोळशाच्या जोडीला पाठवायची व्यवस्था मागा. एका गावाच्या ट्रॉलीसाठी कोण येणार? बंबात मात्र घालू नका, घालूही देऊ नका. आमच्याकडं थंडीत सकाळी पाणी तापवायला पिशव्यांची पेटवण करणारी घरं अजून आहेत. त्यात एखादा पीव्हीसीचा तुकडा असला तर धुरातून डायऑक्सिन जातं, आणि बंबाशेजारी बहुतेक वेळा म्हातारं माणूस नाहीतर पोरच शेकत बसलेलं असतं.

एन्झाइमवर माझा राग नाही, जन्म त्यात गेला. मला आशा वाटते ती जुन्या कपड्यांची. वडगाव, खासबाग, शहापूरच्या मागांवरचं बाद सूत, शिंप्यांच्या चिंध्या, फाटक्या साड्या, यात पॉलिस्टर भरपूर, आणि याला बाटलीसारखा भंगारवाला नाही. त्यात सूती-पॉलिस्टर मिश्र कापड तर कुणालाच नको असतं, कारण यंत्रानं ते वेगळं होत नाही. एन्झाइमनं होऊ शकतं. आम्ही कापडाचा रोवा, म्हणजे वर आलेले बारीक तंतू, काढायला सेल्युलेज वापरायचो, ते कापसाला खातं आणि पॉलिस्टरकडं ढुंकूनही बघत नाही. क्यूटिनेजचं नेमकं उलटं. एकानं कापसाची साखर करायची, दुसऱ्यानं पॉलिस्टर सुटं करायचं. सुताची घडी बाटलीपेक्षाही घट्ट, त्यावर रंग, म्हणून आज ते महाग पडतं. पण इथं निदान कुलूप आहे नि किल्लीही आहे.

तेव्हा शेडमध्ये चिंध्यांची तीन पोती आत्तापासून वेगळी ठेवा आणि दर महिन्याचं वजन वहीत लिहा. सूत कुठलं हे ओळखायला मागवाल्यांची जुनी रीत आहे. दोन धागे ओढून चिमट्यात धरायचे नि काडी लावायची. कागद जळल्याचा वास येऊन राख भुरभुरली तर कापूस. आक्रसून काळा, टणक मणी झाला तर पॉलिस्टर. राखही आणि मणीही आला तर मिश्र. ते तिसऱ्या पोत्यात.